ठिपक्याची रात्रपाळी



गेल्या खेपेस या सदरात बाल्कनीतली तुळस कुवेतच्या उन्हाळ्यात कशी तगवावी, याबद्दल आम्ही लिहिले होते. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमात एका वहिनींनी आम्हांला गाठले आणि विचारले, "तुळशीचं ठीक आहे हो, पण तुमच्याकडे पाल पाळलीय म्हणे, खरं का?" प्रश्न हसत विचारला होता. पण शेजारच्या दोघीतिघी बटाटेवड्याच्या बश्यांसकट दोन पावले मागे सरकल्या, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. तेव्हा या अंकात तुळस नाही, पाल.

खरे आहे, वहिनी. आमच्याकडे पाल आहे. गावी आजींना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी "काय पाळलं?" असे तीनदा विचारले, त्यांना वाटले लाइन खराब आहे. नंतर म्हणाल्या, "पंचांगात बघून घ्या हो." पंचांगात पल्लीपतनाचे पान असते, पाल कुठल्या अवयवावर पडली तर काय फळ, ते सगळे दिलेले असते. पाल विकत आणल्याचे फळ मात्र कुठल्याच पंचांगात दिलेले नाही. ते आम्हांला हळूहळू कळले.

आमच्या धाकट्याला दहाव्या वाढदिवसाला प्राणी हवा होता. कुत्रा फ्लॅटमध्ये नको, मांजराने थोरलीला शिंका. अल राय भागातल्या शुक्रवारच्या बाजारात पक्ष्यांचे पिंजरे बघत फिरताना त्याला एका काचेच्या पेटीत वीतभर लांबीची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली पाल दिसली, आणि तो तिथून हलेना. इंग्रजीत तिला लेपर्ड गेको म्हणतात, म्हणजे बिबट्या पाल. दुकानदाराने सोबत पांढरा प्रखर दिवा दिला, तळाला घालायला वाळूची पिशवी दिली आणि सांगितले, दिवा रात्रंदिवस चालू ठेवा, ऊब लागते. आम्ही नाव ठेवले ठिपक्या आणि पेटी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी मांडली, पाहुण्यांना दिसावी म्हणून.

आणि ठिपक्या झोपला. सकाळी झोपलेला, दुपारी झोपलेला, मुले शाळेतून आली तरी झोपलेला. मातीच्या फुटक्या कुंडीखाली शिरायचा आणि डोळे मिटून पडायचा. धाकटा काचेवर टकटक करायचा, कुंडी उचलायचा, हातावर घेऊन "ऊठ ना" म्हणायचा. आलेगेले सगळे काचेवर बोट आपटायचे. "आजारी आहे वाटतं," असे निदान प्रत्येक पाहुणा फुकट देऊन जाई. महिन्याभरात त्याने खाणे कमी केले आणि मग खरेच आजारी दिसू लागला.

आता आमच्या घराबद्दल थोडे. आमच्याकडे एकाची नोकरी पाळीची आहे. रात्रपाळी असली की रात्री दहाला कंपनीची बस खाली येते आणि सकाळी साडेसातला परत आणून सोडते. मग पडदे ओढून झोप. थोरलीने पाच वर्षांची असताना दारावर एक कागद चिकटवला होता, "बाबा झोपले आहेत, बेल वाजवू नये". तो पिवळा पडला तरी अजून तिथेच आहे. कुवेतमधल्या किती घरांत असा कागद असेल! रिफायनरी, वीजकेंद्रे, इस्पितळे, विमानतळ, सगळीकडे आपली माणसे रात्री जागतात.

एके रात्री बस गाठायला घाईने निघताना आम्ही पाहिले, ठिपक्या पेटीच्या काचेशी उभा, मान उंच, डोळे टक्क उघडे. आजारी बिजारी काही नाही. धाकटा तेव्हा झोपलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितले, तर तो म्हणाला, "म्हणजे बाबांसारखंच. मी जागा असतो तेव्हा झोपतात, मी झोपलो की उठतात." यावर काय बोलावे ते आम्हांला सुचले नाही. पण त्या दिवसापासून आम्ही त्या पालीबद्दल वाचायला लागलो. आधीच वाचायला हवे होते.

ही पाल मूळची आपल्याच बाजूची निघाली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लाइद यांनी १८५४ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेही पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. तो भाग आज पाकिस्तानात आहे. अफगाणिस्तान ते वायव्य भारत हा तिचा मुलूख, खडकाळ आणि कडक जमिनीचा. म्हणजे दुकानदाराची वाळू तिच्या कामाची नव्हतीच. भक्ष्याबरोबर वाळू गिळली तर आतडे तुंबते. आम्ही वाळू काढून साधा टिश्यू कागद घातला. तिची सख्खी भावंडे महाराष्ट्रातही आहेत. एक जात गुजरात-महाराष्ट्रात आढळते आणि सातपुड्यातली एक तर २०१४ सालीच झीशान मिर्झा आणि सहकाऱ्यांनी नवी म्हणून नोंदवली. उत्तरेकडे खेड्यांत तिला बिसखोपरा म्हणून विषारी समजतात आणि दिसली की ठेचतात. ती विषारी नाही. सुट्टीत गावी बांधावर दिसली तर मारू नका, आणि मुलांना हौस आली तरी पकडूनही आणू नका.

आता झोपेचे. आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या पालीला पापणी नसते. डोळ्यावर पारदर्शक चकती असते, ती जिभेने चाटून पुसते आणि झोपतेही उघड्या डोळ्यांनीच. बिबट्या पालीला मात्र हलणाऱ्या पापण्या आहेत. तिच्या ग्रीक शास्त्रीय नावाचा अर्थच 'चांगल्या पापण्यांची' असा होतो. म्हणून ती डोळे मिटून झोपते, आणि म्हणून आपल्याला ती झोपलेली कळते. या पालीला बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्याही नसतात, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. वहिनींनी एवढे वाक्य मैत्रिणींना जरूर सांगावे.

दिवसा ती बिळात किंवा कपारीत पडून राहते आणि सूर्य मावळला की निघते. इथे राहणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमध्येच मित्रिबाह इथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. उघड्यावरच्या कामाला १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार सरकारी बंदी असते. माणसाला कायदा करावा लागतो, पालीला लागत नाही. (इथला धब, वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा, याच्या उलट. तो दिवसाच हिंडतो, ऊन खातो आणि रात्री बिळात जातो. तेव्हा 'सरपटणाऱ्यांना ऊन आवडते' असे सरसकट म्हणून चालत नाही.)

झोपेत ती काय करते, हा प्रश्न धाकट्याने विचारला. स्वप्ने पडतात का? या पालीचे आम्हांला सांगता येणार नाही, पण जर्मनीत फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या सरड्याच्या मेंदूची झोपेतली नोंद प्रसिद्ध केली. माणसाला स्वप्ने पडतात त्या वेळच्या झोपेसारखी झोप त्यालाही असते. आपले झोपेचे चक्र साधारण दीड तासाचे, त्याचे जेमतेम ऐंशी सेकंदांचे, रात्रीतून शेकडो वेळा. हे ऐकून धाकटा कुंडीपाशी बसून मनातल्या मनात ऐंशी मोजू लागला. टकटक त्या दिवशी थांबली. थोरलीने दारावरच्या कागदाची नक्कल करून पेटीला लावली, "ठिपक्या झोपला आहे".

पण आमच्याकडून व्हायचे ते नुकसान तोवर पुरते टळले नव्हते. मार्चमध्ये एका रविवारी पाहुण्यांच्या मुलाने भर दुपारी कुंडी उचलून शेपटीला धरले. शेपूट तुटले आणि गालिच्यावर पडून मासळीसारखे उडत राहिले. ठिपक्या कोपऱ्यात. मुले रडत होती, पाहुणे ओशाळले, आणि रात्रपाळी करून झोपलेला माणूस धावत बाहेर आला. खरे सांगायचे तर दोष त्या मुलाचा नव्हता. वरून आलेला हात म्हणजे तिला घारच. आणि झोपेतून ओढल्यावर कोण सावध असतो?

शेपूट परत येते हे खरे. पण या पालीची सगळी शिल्लक शेपटीत असते. जाड शेपूट म्हणजे भरलेले बँकेचे खाते. ते गेले, खाणे आधीच कमी आणि जूनमध्ये आम्हांला सहा आठवडे साताऱ्याला जायचे होते.

पशुवैद्यांनी पेटी पाहून पहिला प्रश्न विचारला, तो आम्हांला कधीच सुचला नसता. "एसी किती ठेवता?" आम्ही म्हणालो, बावीस. कुवेतमध्ये पालीला उन्हाने त्रास होईल, असेच आम्ही धरून चाललो होतो. तिला त्रास झाला थंडीने! बाहेर पंचेचाळीस असो, ती राहते आमच्या बावीस अंशांत. तिचे रक्त स्वतः तापत नाही. पोटाखाली बत्तीसच्या आसपास ऊब मिळाली तर अन्न पचते, नाहीतर पोटात तसेच राहते आणि ती सुस्त पडते. म्हणजे तिची निम्मी झोप झोप नव्हतीच, गारठा होता. यात फरक कसा ओळखायचा? झोपलेली पाल संध्याकाळी अंधार पडला की उठते, जीभ काढून हुंगते, शेपूट भरलेले असते. गारठलेली किंवा आजारी पाल रात्रीही उठत नाही आणि शेपूट बारीक होत जाते. कात टाकण्याआधी एक-दोन दिवस ती पांढुरकी होऊन जास्त झोपते, त्याला घाबरू नये. ओल्या टिश्यूची एक डबी द्यावी, त्यात ती कात सोडवते आणि बहुधा खाऊनही टाकते. बोटांवर कात अडकली असेल तर मात्र लक्ष द्यावे.

मग आम्ही पांढरा दिवा रात्री बंद केला. लाल दिवा लावा, तो त्यांना दिसत नाही, असेही दुकानांत सांगतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली दाखवले की एका जातीची निशाचर पाल अंधुक चांदण्यातही रंग ओळखते, जिथे आपल्याला सगळे करडे दिसते. तेव्हा रात्र म्हणजे अंधारच. ऊब द्यायची ती पेटीच्या एका टोकाखाली गरम पट्टी ठेवून आणि तिला थर्मोस्टॅट लावून; दुसरे टोक गारच राहू द्यायचे. आणि पेटी टीव्हीपासून उठवून आतल्या खोलीत नेली.

जेवणाची वेळ रात्री नऊ ठरली. रातकिडे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या, कॅल्शियमची पूड लावून, एक दिवसाआड. अळ्यांचा डबा फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी असतो आणि त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आहे. (चिठ्ठी लावण्याआधी काय झाले ते या सदरात लिहिणार नाही.) नऊला बाबा आंघोळ करून डबा भरत असतात, तेव्हा धाकटा चिमट्यात अळी धरतो. ठिपक्याच्या शेपटीचे टोक, आता जे काही आहे ते, मांजरासारखे थरथरते, मग झडप. शेपूट उंच करून संथ हलवली तर ती 'जवळ येऊ नका' अशी सूचना, हे दोघेही शिकले. दहाला बस. पूर्वी या वेळेला धाकट्याचे नि बाबांचे "अभ्यास झाला का" एवढेच बोलणे व्हायचे.

नवे शेपूट मे अखेर आले. आखूड, लसणीच्या गड्ड्यासारखे, ठिपके नीट नसलेले, पण जाड. जूनमध्ये एसी बंद करून फ्लॅट कुलूपबंद केला असता तर चार दिवसांत भट्टी झाली असती, हे कुणाला सांगायला नको. आमच्या समोरच्या केरळी सिस्टर इस्पितळात रात्रपाळी करतात. सुट्टीच्या रात्रीही त्यांना झोप येत नाही. त्यांनी स्वतःहून पेटी नेली. साताऱ्यात एकदा पहाटे साडेचारला फोन वाजला, आजी दचकून उठल्या, कोण गेले म्हणून. सिस्टरांनी फोटो पाठवला होता. कुवेतमध्ये तेव्हा रात्रीचे दोन, आणि ठिपक्या काचेशी उभा.

ही पाल नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षे जगते. आपला इथला मुक्काम तितका असेल की नाही, ते कंपनी ठरवते. परवान्याशिवाय तिला भारतात नेता येत नाही, तेव्हा घेण्याआधी हा हिशेब करावा. आम्ही केला नव्हता.

यंदाच्या सुट्टीसाठी एक सूचना. ज्यांच्याकडे पाल, मासे किंवा पक्षी आहेत आणि जे जूनमध्ये जाणार आहेत, त्यांनी, तसेच जे उन्हाळ्यात इथेच राहणार आहेत आणि रात्री जागे असतात, त्यांनी मंडळाच्या पुढच्या सभेत आपली नावे आमच्याकडे द्यावीत. जोड्या आम्ही लावून देऊ. सिस्टर यंदा कोट्टयमला चालल्या आहेत, त्यामुळे पहिला अर्ज आमचाच आहे. अळ्यांचा डबा आमचा, फ्रिज तुमचा.