राक्षसाला बालपण कशाला?

थॉमस हॅरिसची ‘हॅनिबल’ १९९९ साली प्रसिद्ध झाली, त्याला आता पाव शतक उलटून गेले. तरी ‘ही कादंबरी कशी वाटली?’ असे विचारले की वाचकांचे अजूनही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हॅरिसने क्लॅरिस स्टार्लिंगचा विश्वासघात केला. दुसरा म्हणतो, तिला मोकळे करण्याचे धैर्य फक्त त्यानेच दाखवले. प्रसिद्धीच्या वेळी जाणकारांतही हीच फूट होती. स्टीफन किंगने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिची तोंड भरून स्तुती केली, तर मार्टिन एमिसने हॅरिसच्या गद्याचे वाभाडे काढले. हे दोन्ही तट चुकीच्या जागी भांडत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कादंबरीत विश्वासघात झाला आहे खरा. पण तो क्लॅरिसचा नव्हे.

आधी फिर्यादींचे म्हणणे पाहू. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (१९८८) मधली क्लॅरिस ही एफबीआयची प्रशिक्षणार्थी, पोरकी, गरिबीतून वर आलेली, पुरुषांनी भरलेल्या खात्यात स्वतःच्या बुद्धीवर उभी राहिलेली. अकरा वर्षांनी आलेल्या पुढच्या भागात तीच क्लॅरिस लेक्टरच्या मेजावर बसून मनुष्याचा मेंदू खाते, त्याची प्रेयसी होते आणि अखेर ब्युनोस आयर्सच्या नाट्यगृहात त्याच्या शेजारी दिसते. हे ‘तिच्या स्वभावात बसत नाही’, असा पहिला आक्षेप. २००१ साली रिडली स्कॉटने चित्रपट काढला तेव्हा हा शेवट बदलण्यात आला. तिथे क्लॅरिस लेक्टरला बेडी अडकवते आणि तो स्वतःचा हात तोडून निसटतो. आधीच्या चित्रपटातली क्लॅरिस, म्हणजे जोडी फॉस्टर, या चित्रपटात नाही. तिने भूमिका नाकारली होती. वाचकांच्या नाराजीला यातून जणू अधिकृत शिक्काच मिळाला.

‘स्वभावात बसत नाही’ हे वाक्य आपण वर्गात फार सहज वापरतो. व्यक्तिरेखेची सुसंगती हा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हमखास गुण मिळवून देणारा निकष आहे. पण सुसंगती म्हणजे न बदलणे नव्हे. ‘हॅनिबल’ची सुरुवात आठवून पाहा. क्लॅरिसला एका चकमकीत छातीशी बाळ बांधलेल्या स्त्रीवर गोळी झाडावी लागते. वृत्तपत्रे तिला फाडून खातात आणि ज्या खात्यासाठी तिने आयुष्य वेचले ते खाते तिला बळी द्यायला निघते. पॉल क्रेंडलर हा अधिकारी तर मेसन व्हर्जर या धनाढ्य नराधमाला सामील होतो. तिचा गुरू जॅक क्रॉफर्ड थकलेला आहे आणि पुढे मरतो. ज्या संस्थेत तिने वडील शोधले, त्या संस्थेनेच तिला दुसऱ्यांदा पोरके केले. अशी स्त्री आतून मोडू शकत नाही, हे वाचकाला कोणी सांगितले?

आणि हॅरिस हे पहिल्यांदा करतो आहे असेही नाही. मालिकेच्या पहिल्या कादंबरीचा, ‘रेड ड्रॅगन’चा (१९८१) नायक विल ग्रॅहम. लेक्टरला पकडून देणारा तोच. त्या कादंबरीच्या शेवटी त्याचा चेहरा विद्रूप होतो आणि संसार विस्कटतो. पुढच्या भागात त्याचा उल्लेख येतो तो फ्लोरिडात दारू पीत पडलेला, ज्याच्या तोंडाकडे पाहवत नाही असा माणूस म्हणून. लेक्टरला समजून घ्यायला जो जातो त्याला त्याची किंमत चुकवावी लागते, हा या मालिकेचा नियम पहिल्यापासून आहे. ग्रॅहमची वाताहत वाचकांनी मुकाट्याने गिळली आणि क्लॅरिसच्या वेळी मात्र त्यांना करार मोडल्याचा साक्षात्कार झाला. हा आक्षेप साहित्यिक नाही. तो आवडते माणूस हातचे गेल्याचा राग आहे. राग समजू शकतो. १८९३ साली कॉनन डॉइलने होम्सला धबधब्यात ढकलले तेव्हाही वाचक असेच खवळले होते, आणि १९०३ साली डॉइलने त्याला परत आणला. पण वाचकाच्या रागाला समीक्षेचा दर्जा द्यायचा का, हा प्रश्न वेगळा.

फिर्यादींचा दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. क्लॅरिस लेक्टरकडे जाते ती स्वतःच्या पायांनी नव्हे. ती बेशुद्धीत त्याच्या घरी पोचते, आणि मग औषधे व संमोहन यांच्या अमलाखाली तिचे मन ‘घडवले’ जाते. म्हणजे एका स्वतंत्र स्त्रीचा निर्णय तिच्याकडून काढून घेतला जातो आणि त्यालाच मुक्ती म्हटले जाते. याला समर्थकांचे उत्तर ठरलेले: ही कादंबरी वास्तववादी नाहीच, ती विडंबन आहे, भयाद्भुत आहे, तिला असले प्रश्न विचारायचे नसतात. हे उत्तर मला आळशी वाटते. विडंबन म्हटले की लेखकाला सगळे माफ होत असेल तर समीक्षेने दुकान बंद करावे. ती शुद्धीवर असताना गेली असती तर ती शोकांतिका झाली असती. केवळ औषधांनी गेली असती तर तो गुन्हा झाला असता. हॅरिस दोन्ही दारे किलकिली ठेवतो. आधी औषधे देतो, मग शेवटी त्यांचा अंमल कधीच संपल्याचे सुचवतो. ही संदिग्धता म्हणजे खोली नव्हे. लेखक इथे कचरला आहे.

का कचरला, याचे उत्तर शोधताना आपण खऱ्या विश्वासघातापाशी पोचतो.

‘सायलेन्स’मधली पहिली भेट आठवा. क्लॅरिस प्रश्नावली घेऊन लेक्टरच्या कोठडीसमोर बसते. तो त्या प्रश्नावलीची खिल्ली उडवतो, आणि आपल्यावर काहीतरी घडले म्हणून आपण असे झालो, ही समजूतच झिडकारतो. त्याच्या लेखी तो कशाचा परिणाम नाही. तो स्वतःच एक घटना आहे. या एका भूमिकेवर ती व्यक्तिरेखा उभी आहे. ‘रेड ड्रॅगन’मध्ये तर हॅरिसने हाच भेद रचनेतच बसवला होता. तिथल्या फ्रान्सिस डॉलरहाइड या खुन्याचे बालपण, त्याच्या आजीचा छळ, सगळे तपशीलवार येते आणि वाचकाला त्याची कीवही येते. त्याच कादंबरीत कोठडीत बसलेल्या लेक्टरला मात्र भूतकाळ नाही. एक राक्षस समजतो, दुसरा समजत नाही. आणि न समजणाऱ्याचीच भीती अधिक वाटते. इयागोला आपल्या कृत्याचे कारण सांगायला लावले तर ‘ऑथेल्लो’चे काय होईल?

‘हॅनिबल’मध्ये हॅरिसने नेमके तेच केले. लेक्टरला त्याने मिशा नावाची धाकटी बहीण दिली. १९४४च्या धामधुमीत उपाशी पळपुट्यांनी तिला मारून खाल्ले, म्हणून हा नरभक्षक झाला! क्लॅरिसला जवळ करण्यामागेही आता मिशाची जागा भरून काढण्याची धडपड आली. भय गेले आणि उरली एक केस-फाइल. २००६च्या ‘हॅनिबल रायझिंग’मध्ये तर हे स्पष्टीकरण पुस्तकभर पसरले, आणि २००७च्या चित्रपटाची पटकथाही हॅरिसनेच लिहिली. लेक्टर आता सूड घेणारा दुखावलेला मुलगा झाला, म्हणजे जवळजवळ नायकच. आणि नायक झालेल्या माणसाने एखाद्या स्त्रीवर उघड जुलूम केलेला चालत नाही; म्हणून क्लॅरिसच्या संमतीचा प्रश्न धूसर ठेवणे भाग पडले. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. लेखकाला आपल्या राक्षसाची दया आली.

आपल्याला हे अपरिचित नाही. रावण आणि कुंभकर्ण हे शापित जय-विजय होते, असे पुराण सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला हायसे वाटते: दुष्टपणा मूळचा नव्हता, तो चिकटलेला होता. त्या कथेमागे निदान एक विश्वरचना आहे, शापाला उःशाप आहे. मिशाच्या कथेमागे फक्त वाचकाचे समाधान आहे.

म्हणून माझा खटला हॅरिसवर जितका आहे तितकाच वाचकांवर आहे, आणि साहित्य शिकवणाऱ्या आपल्यावरही. ‘लेक्टर असा का झाला?’ हा प्रश्न कुतूहलापोटी आपणच विचारत होतो. प्रत्येक क्रौर्यामागे एक जखम असलीच पाहिजे, हा आपल्या काळाचा लाडका सिद्धांत आहे. तो पुष्कळदा खराही असतो, आणि न्यायालयात तर अशी पार्श्वभूमी ऐकून घेतलीच पाहिजे. पण कारण सापडले की जबाबदारीचा हिशेब मिटला, असे आपण नकळत धरून चालतो. जखमी झालेली बहुसंख्य माणसे कोणाला खात नाहीत, हे साधे सत्य त्या सिद्धांतात बसत नाही. स्वतः क्लॅरिसच पाहा: वडील गमावलेली, परक्यांच्या दारात वाढलेली, कोकरांचे ओरडणे ऐकून रात्रीत पळालेली मुलगी. तिच्या जखमेतून दुसऱ्यांना वाचवण्याची ओढ निर्माण झाली. ‘सायलेन्स’ची सगळी नैतिक ताकद या विरोधात होती: जिला कारण होते ती चांगली निघाली, आणि जो वाईट होता त्याला कारण नव्हते. मिशाने हा विरोध पुसला.

या मालिकेवर वर्गात बोलायचे झाले तर विद्यार्थ्यांना ‘शेवट आवडला की नाही’ हे विचारू नये. चौथे पुस्तक वाचल्यावर दुसऱ्या पुस्तकातली ती कोठडीची भेट पुन्हा वाचायला द्यावी, आणि भीती कुठे गेली, ते त्यांनाच शोधू द्यावे. हॅरिसची पुढची कादंबरी, ‘कारी मोरा’, २०१९ साली आली. तिच्यात लेक्टर नाही. त्याच्याविषयी सांगायचे जे उरायला हवे होते, ते सगळे सांगून झाले होते.