आधी रूम दाखवा!

ठाणे-डोंबिवली पट्ट्यात वाढलेल्या माणसाला एक कला आपसूकच येते. सॅम्पल फ्लॅट बघण्याची. रविवार उजाडला की चला घोडबंदर रोडला, नाहीतर कल्याण-शीळ रोडला. आत शिरल्या शिरल्या एकजण पावलं मोजतो, एकजण नळ सोडून बघतो, सासरेबुवा भिंतीवर टकटक करतात. खोली मोठी दिसावी म्हणून सॅम्पल फ्लॅटमधला पलंग जरा लहानच ठेवतात, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

आणि हीच चोखंदळ माणसं थीम पार्कच्या हॉटेलात दोन रात्रींचं बुकिंग कशी करतात? उभ्या उभ्या लोकलमध्ये, मुंब्रा ते दिवा या दरम्यान, मोबाइलवर चार फोटो बघून! त्यातही 'नॉन-रिफंडेबल' दर थोडा कमी दिसतो म्हणून तोच घेतात.

तर आजचा मुद्दा सरळ आहे. पार्कला एक दिवसाच्या सहलीला जाल तेव्हा त्यातला तासभर बाजूला काढा आणि तिथली राहण्याची ठिकाणं आतून बघून या. मुक्कामाचं बुकिंग त्यानंतर, पुढच्या खेपेला.

हा प्रश्न आपल्याकडे तसा नवीनच आहे. मुंबई-ठाण्याच्या माणसासाठी असले पार्क म्हणजे वर्षानुवर्षं एका दिवसाचा कार्यक्रम होता. गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आलं, १९९८ साली वॉटर किंगडम. सकाळी बोट पकडायची, दिवसभर भिजायचं, रात्री दमून घरी. ठाण्यात मानपाड्याला टिकुजीनीवाडी आहे, तिथे राहायची सोयही आहे, पण घर वीस मिनिटांवर असताना ठाणेकर कशाला राहतोय! मग २०१३ च्या एप्रिलमध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. पुढच्या वर्षी वॉटर पार्क, २०१५ साली पार्कला लागूनच नोव्होटेल. एका दिवसात सगळं होत नाही, म्हणजे मुक्काम आला. आणि मुक्काम आला की पर्याय आले : पार्कला खेटून राहायचं, खोपोली गावात, घाट चढून लोणावळ्यात, की कर्जतकडच्या एखाद्या बंगल्यात?

चार पर्याय, चार वेगळे हिशोब. आणि यातला एकही हिशोब फोटोवरून नीट सुटत नाही.

फोटोत काय दिसतं? स्विमिंग पूल, पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर टॉवेलचा हंस. काय दिसत नाही? खोलीपासून जेवणाच्या हॉलपर्यंत किती पायऱ्या आहेत. जुलैत खोपोलीचा पाऊस कोसळत असताना त्या वाटेवर छप्पर आहे का. बाथरूमच्या दारात उंबरा किती उंच आहे, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे पलंग की जमिनीवर गादी. खिडकीखाली लग्नाचं लॉन आहे का आणि तिथे डीजे रात्री किती वाजेपर्यंत चालतो. हे सगळं दहा मिनिटं तिथे उभं राहिलं की कळतं.

"अरे पण रिव्ह्यू असतात की!" असतात ना. मीही वाचतो. पण साडेचार तारे देणारा माणूस कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेला होता का सत्तरीच्या आजीला घेऊन, हे त्या ताऱ्यांतून कळत नाही. आम्ही हापिसात दुसऱ्याच्या मशीनवर चालतंय म्हणून सॉफ्टवेअर लाइव्ह करत नाही. क्लायंटची माणसं येऊन स्वतः बटणं दाबून बघतात, मगच पुढे. इथे क्लायंट आपण आहोत, आणि पैसेही आपलेच :)

खरं म्हणजे यात माझा नवा शोध काहीच नाही. आपल्या वडिलांची पिढी हेच करायची. माथेरान म्हणा, महाबळेश्वर म्हणा, गणपतीपुळे म्हणा. बायको-पोरं बॅगांवर बसलेली, आणि वडील रूमबॉयबरोबर वर गेलेले. "आधी रूम दाखवा." पंखा लावून बघणार, नळ सोडून बघणार, गरम पाणी किती ते किती विचारणार, आणि नाही पटलं तर शांतपणे खाली येऊन बॅगा उचलायला लावणार. आपल्याला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, तो माणूस आपल्यापेक्षा हुशार गिऱ्हाईक होता. ऑनलाइन बुकिंगने सोय पुष्कळ केली, पण हा हक्क आपण कोणी न मागता सोडून दिला.

जिथे ही थीम पार्कची संस्कृती मुरलेली आहे तिथे तर हॉटेलं बघत हिंडणं हा सहलीचाच भाग आहे. फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं, त्याच वेळी काँटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलंही सुरू झाली. दोन्ही मोनोरेलने पार्कला जोडलेली. काँटेम्पररीच्या तर इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते. १९८८ साली त्याच मार्गावर ग्रँड फ्लोरिडियन आलं. नेहमी जाणारे लोक एक दुपार राखून ठेवतात. एकेका हॉटेलपाशी उतरायचं, लॉबी बघायची, काहीतरी खायचं, आणि पुढच्या वर्षी कुठे राहायचं ते ठरवायचं. कोणी त्यांना 'इथे काय काम आहे?' असं विचारत नाही.

आपल्याकडे खरी अडचण हीच आहे. विचारेल कोणी या भीतीने आपण काचेच्या दारापर्यंतसुद्धा जात नाही. गेटवरचा गार्ड, आत एसी, गुळगुळीत फरशी, आणि आपण पार्कातून ओल्या चपला घालून आलेलो. पण विचार करा, पन्नास लाखांच्या फ्लॅटच्या सेल्स ऑफिसात आपण ताठ मानेने शिरतो, कोल्ड्रिंकही पितो. मग एका रात्रीच्या खोलीसाठी कसला संकोच?

अर्थात, बघण्याचीही रीत असते. हॉटेलं म्हणजे प्रदर्शन नाही, आत लोक राहत असतात. आदल्या दिवशी फोन करून विचारा. शनिवार-रविवार टाळा. दुपारी जा, म्हणजे सकाळचे पाहुणे गेलेले असतात, नवे यायचे असतात आणि रिकामी खोली दाखवणं त्यांनाही सोपं पडतं. पूलकडे मोबाइल रोखू नका. खोली नाहीच दाखवली तर रेस्टॉरंटमध्ये चहा घ्या. तेवढ्यात लॉबी, लिफ्ट आणि पार्कपर्यंतची वाट तर दिसतेच. आणि दर विचाराल तो करासकट विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्यावरच्या खोलीवर तो १८ टक्के आहे. चारशे-पाचशे रुपये महाग दिसणारी खोली बिलात किती महाग पडते ते एकदा गुणून बघा.

"एवढं सगळं आधीच बघितलं तर मजा काय राहिली?" असंही एक मित्र म्हणाला. मजा राइडमध्ये आहे राजा, बाथरूमच्या उंबऱ्यात नाही.

आणि आता खरं कारण. आपण एकटे किंवा मित्रांबरोबर जातो तेव्हा खोली कशीही चालते. पण नोकरीला लागल्यावर आपण आईबाबांना हौसेने नेतो. टीममधल्या एकाने गेल्या वर्षी असंच नेलं होतं, एका रिसॉर्टला. खोली टेकाडावर, खाली यायला पायऱ्याच पायऱ्या. त्याच्या आईने दोन दिवसांत एकदाही तक्रार केली नाही. "तुम्ही जाऊन या, मी इथे बाल्कनीत छान बसते," एवढंच. पोराने पैसे भरलेत, त्याला वाईट वाटायला नको. गुडघे दुखतायत हे त्याला परत आल्यावर कळलं, तेही बहिणीकडून.

रिव्ह्यू लिहायला ही मंडळी कधीच येणार नाहीत. खोलीबद्दल विचारलं तर म्हणतील, "छानच आहे हो सगळं." मुक्काम झाल्यावर त्यांच्याकडून खरं उत्तर मिळणारच नाही, म्हणून प्रश्न आधी आपणच जाऊन विचारायला हवा. काउंटरवर, मोठ्या आवाजात, न लाजता.

रूम दाखवा. आधी.