रिपोर्ट एकाचा, पथ्य घराचं

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दरवर्षी कामगारांची तपासणी होते, बँका-कचेऱ्यांत होते, आणि हल्ली वाढदिवसाला मुलंच आईवडिलांना लॅबचं पॅकेज घेऊन देतात. एक-दोन दिवसांत मोबाइलवर रिपोर्ट येतो. उपाशीपोटीची साखर ११८, तीन महिन्यांची सरासरी ६.२, ट्रायग्लिसराइड वाढलेले, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. त्या रात्री घरात चर्चा होते आणि निकाल लागतो : 'आता यांनी पथ्य पाळायला हवं.'

हा निकाल मला मान्य नाही. बिघाड एकाच्या रक्तात सापडला असला, तरी तो वर्षानुवर्षं शिजला आहे सगळ्यांच्या स्वयंपाकघरात. म्हणून पथ्यही सगळ्या घराचं हवं. याविरुद्ध जे जे बोललं जातं ते आधी मांडतो, त्याला उत्तर देतो आणि मग माझी बाजू सांगतो.

पहिला आक्षेप नेहमीचा : 'हा सगळा लॅबवाल्यांचा धंदा आहे. आकडे खाली आणून धडधाकट माणसाला आजारी ठरवतात.' यात तथ्य अजिबात नाही असं नाही. बहुतेक चाचण्यांची 'नॉर्मल' मर्यादा अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांतले पंचाण्णव तिच्या आत यावेत. पॅकेजमध्ये सत्तर-ऐंशी चाचण्या कोंबल्या की एखाद-दुसरी लाल अक्षरात येणारच. म्हणून एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नये, डॉक्टरांना विचारून तपासणी पुन्हा करावी. पण साखरेचे आकडे असे हवेतून आलेले नाहीत. उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहाची रेषा अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने १९९७ मध्ये १४० वरून १२६ वर आणली, ती डोळ्यांच्या पडद्याला इजा कोणत्या पातळीपासून दिसू लागते, हे पाहून. १०० ते १२५ हा त्याआधीचा टप्पा, आणि तीन महिन्यांच्या सरासरीत तोच ५.७ ते ६.४. आपण त्याला 'बॉर्डरवर आहे' म्हणतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, तर बॉर्डरवरचे सुमारे १३ कोटी ६० लाख. धंदा करणारे धंदा करतील, पण म्हणून रक्तातली साखर खोटी ठरत नाही.

दुसरा आक्षेप : 'आमच्याकडे हे घराण्यातच आहे. वडिलांना होतं, काकांना होतं. पथ्य करून काय होणार?' घराण्याचा वाटा खराच आहे, आणि आपल्या भारतीय शरीराच्या ठेवणीचाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःच्या शरीरावर दाखवलं. ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन आणि ते यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वरून सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असतो, हे त्या एका फोटोने जगाला कळलं.

पण घराण्यात आहे म्हणजे हात टेकावेत, असा त्याचा अर्थ नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी नुसता आहार-व्यायाम बदलला, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे तीन वर्षांत साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटलं. नुसती मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांत ते साधारण तेवढंच घटलं, आणि दोन्ही एकत्र करूनही जास्तीचा फायदा दिसला नाही. घराणं तेच, शरीर तेच, तरी वाट बदलली.

आणि आता नवरा-बायकोचं बघा. त्यांचं रक्ताचं नातं नसतं. तरीही माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासून २०१४ मध्ये दाखवलं, की जोडीदाराला मधुमेह असेल तर आपल्याला तो होण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. रक्त वेगळं, घराणं वेगळं. सारखं काय, तर ताट, जेवणाची वेळ आणि सोफ्यावरची बैठक. माझ्या म्हणण्याला याहून नेमका पुरावा मला ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप आजोबांचा : 'तूप, गूळ, भाकरी खाऊन नव्वद वर्षं जगले.' आजोबा त्या भाकरीआधी नांगरामागे चालत, मोट हाकत आणि बाजाराला पायी जात. त्यांची भाकरी घ्यायची तर त्यांचे कष्टही घ्यायला हवेत. शिवाय नव्वदी गाठलेले आजोबा आपल्याला आठवतात. पन्नाशीत एकाएकी गेलेल्या त्यांच्या भावाच्या रक्तात काय होतं, हे कुणी तपासलंच नव्हतं.

चौथा आक्षेप उतावळ्यांचा. ते विचारतात, 'दीक्षित की दिवेकर, एवढंच सांगा.' डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेऊन दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवणं आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चालणं घरोघरी पोहोचवलं. ऋजुता दिवेकर यांनी घरचं, स्थानिक, हंगामी अन्न न घाबरता आणि वेळेवर खायला सांगितलं. दोघांमुळे मराठी माणूस आपल्या खाण्याकडे लक्ष देऊ लागला, हे मोठं काम आहे. मात्र पंथ निवडला म्हणजे काम झालं, ही समजूत घातक आहे. एक इशाराही देऊन ठेवतो : इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना मनानेच जेवणाची वेळ चुकवली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. असा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा.

याच उतावळेपणातून नागलीची, म्हणजे नाचणीची, नवी भक्ती आली आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा आपला नागलीचा पट्टा. तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, तंतू आहेत. ती पानात यावी असं मलाही वाटतं. पण 'इंडियाब'च्याच २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहार-विश्लेषणाने डोळे उघडले. भारतीय माणसाच्या अन्नातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. भाताऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण पिष्टाचा एकूण वाटा तेवढाच ठेवला, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. तो कमी दिसला पिष्टाची थोडी जागा डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांना दिल्यावर. म्हणजे तीन पोळ्यांच्या जागी तीन नागलीच्या भाकरी घेऊन फारसं साधत नाही. तीनच्या दोन करून शेजारी घट्ट वरण आणि उसळ हवी.

आता शेवटचा आणि सगळ्यांत मानाचा आक्षेप : 'ज्याचा आजार त्याने मनाचा निग्रह करावा. बाकीच्यांना शिक्षा कशाला?'

सिडकोतल्या किंवा नाशिकरोडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरातलं रात्रीचं जेवण बघा. कुकरमध्ये भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी, पोळ्या, लोणचं, पापड. पथ्यवाल्याच्या पानात दोन फुलके, दुधीची बिनतेलाची भाजी आणि काकडीच्या चकत्या. समोर बाकीचे वरण-भात वाढून घेत असतात. पहिला आठवडा निग्रह टिकतो. मग 'आजच्या दिवस एवढंच' सुरू होतं, आणि दोन-तीन महिन्यांत सगळं पूर्ववत. माणूस स्वतःला दोष देतो, घरचेही देतात. रोज दोन वेळा समोर ठेवलेल्या मोहाशी एकट्याने झुंजायला लावायचं आणि हरल्यावर त्यालाच नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

आणि रिपोर्ट घरातल्या बाईचा असेल, तर? नवऱ्याची साखर वाढली की ती दोन स्वयंपाक करते. तिची स्वतःची वाढली, की दुसरा स्वयंपाक होतच नाही. शेवटी जेवायला बसते, उरलेला भात टाकवत नाही म्हणून स्वतःच संपवते, सकाळची शिळी पोळी चहाबरोबर खाते. तिला निग्रहाचा उपदेश करणाऱ्यांनी एकदा तिच्या पानाकडे नीट पाहावं. पथ्य घराचं झाल्याशिवाय तिच्या वाट्याला ते कधीच येणार नाही.

ज्या प्रयोगांचे दाखले आपण देतो, त्यांतही लोकांना निग्रहावर सोडून दिलं नव्हतं. अमेरिकेतल्या गाजलेल्या प्रयोगात आहार-व्यायामाने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ध्येय होतं वजन ७ टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तिथे प्रत्येकाला मार्गदर्शक होता आणि सुरुवातीच्या सहा महिन्यांत सोळा धडे होते. डॉ. रामचंद्रन यांनीच पुढे ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेल्या प्रयोगात तर मोबाइलवर नियमित संदेश गेले, तेवढ्यानेही मधुमेहाचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी राहिलं. मोबाइलवरचे दोन शब्द एवढं करत असतील, तर पंगतीला बसलेलं अख्खं घर किती करेल?

आता घराने करायचं काय? पथ्याची पहिली ओळ किराण्याच्या यादीत लिहायची. साखर निम्मी, फरसाण-बिस्किटांचे पुडे बंद, तेल बेताचं. मटकी, मूग, हरभरा, तूरडाळ जास्त. पाच कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. पातेल्यातच साखर निम्मी पडली, की कुणाला वेगळा चहा लागत नाही. मुंबईला भाजी पुरवणारा आपला जिल्हा, आणि आपल्याच पानात भाजी लोणच्याएवढी! बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारातून मेथी, शेपू, गवार, दोडका घरी यावा आणि भाजी दोन वाट्या वाढावी. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तिची जागा दही, दाणे आणि एखाद्या फळाने घ्यावी. मुलं वाढीची आहेत, त्यांनी एक पोळी जास्त खावी. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी प्रथिनं विचारून घ्यावीत. पान सगळ्यांचं एकच, प्रमाण ज्याचं त्याचं. यात शिक्षा कुणालाच नाही.

मिसळ सोडावी लागेल का? नाशिककराला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. मिसळीतली मटकी हे तर आपलं हक्काचं प्रथिन. बिघडवतं ते वरचं मूठभर फरसाण, तर्रीचा थर, तिसरा पाव आणि शेवटची जिलबी. मटकी वाढवून, फरसाण चिमूटभर घेऊन, एका पावावर थांबून आणि दह्याची वाटी संपवून मिसळ महिन्यातून एखाद्या रविवारी खुशाल खावी.

चालणंही एकट्याने नको. गोदापार्क आहे, कृषिनगरचा ट्रॅक आहे, गोल्फ क्लबचं मैदान आहे; तिथे पहाटे जाणारे जातातच. पण रात्रीचं जेवण आटपलं, की घरातल्या सगळ्यांनी मिळून पंधरा मिनिटं गल्लीत फिरून यावं. जेवणानंतरच्या चालण्याने साखरेची उसळी कमी होते, आणि त्यासाठी ना मैदान लागतं ना बूट.

हे करूनही गोळी लागली, तर ती घ्यावी. गोळी म्हणजे हार नव्हे, आणि नुसत्या गोळीच्या भरवशावर पान जुनंच ठेवणं हेही शहाणपण नव्हे.

तेव्हा घरात रिपोर्ट येईल त्या रात्री 'यांनी काय खायचं' हे विचारू नका. 'आपण काय शिजवायचं' हे विचारा, आणि दुसऱ्या दिवशीची किराण्याची यादी सगळ्यांनी मिळून लिहा. ज्यांचे रिपोर्ट अजून निघालेले नाहीत, त्या घरातल्या बाकीच्यांचंही भलं त्यातच आहे.