लॅपटॉपची निवड : शक्ति, वजन आणि पैसा

दहावीचा निकाल लागला कीं शाळेच्या दाराशीं पालकांचा एक ठराविक प्रश्न ऐकूं येऊं लागतो : "सर, मुलाला लॅपटॉप घ्यावयाचा आहे, कोणता घ्यावा?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यांत घरची वर्षदोन वर्षांची शिल्लक गुंतलेली असते, म्हणून त्याचें उत्तर थोड्या विस्तारानें देणें आम्हांस अवश्य वाटतें.

यंत्राची शक्ति, त्याचें वजन आणि आपल्याजवळचा पैसा ह्या तिहींची येथें सांगड घालावयाची असते. जें यंत्र शक्तिमान् व हलकें, तें महाग. जें शक्तिमान् व स्वस्त, तें जड. आणि जें हलकें व स्वस्त, तें शक्तीनें बेताचें. तिन्ही सुखें एके ठिकाणीं क्वचितच नांदतात. तेव्हां कोणत्या गोष्टीवर पाणी सोडावयाचें हाच खरा प्रश्न होय. आमच्या मतें अकरावींत जाणाऱ्या मुलामुलींनीं शक्तीवर पाणी सोडावें. बहुतेक घरांत मात्र उलट घडतें. "पुढें इंजिनिअरिंगला लागेल" असें म्हणून चार वर्षांनंतरच्या मुलासाठीं आज खरेदी होते, आणि त्या अद्याप न आलेल्या मुलाचें ओझें आजचा मुलगा पाठीवर वाहतो.

ओझें हा शब्द आम्हीं अलंकारानें योजिलेला नाहीं. खेळांसाठीं बनविलेले शक्तिमान् लॅपटॉप बहुधा सव्वादोन ते अडीच किलो भरतात, आणि त्यांचा चार्जर निराळा, तोही अर्ध्या किलोच्या आसपास. मुलाचें दप्तर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड असूं नये, असें केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणांत सांगितलें आहे. पंचेचाळीस किलोच्या मुलीस हा हिशेब लावला तर साडेचार किलो येतात. त्यांतले तीन किलो यंत्रानेंच घेतले, तर पुस्तकें, डबा आणि पाण्याची बाटली ह्यांनीं दीड किलोंत मावावें कसें? परिणाम ठरलेला : चार-सहा महिन्यांत यंत्र घरच्या टेबलावर कायमचें विसावतें. जें टेबलावरच राहावयाचें, तें टेबलावरचेंच कां घेऊं नये ? त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक वेगवान् मिळतो, आणि त्याची दुरुस्तीही सोपी असते.

हलकेपणा ही वस्तु फुकट मिळत नाहीं, हें ह्या यंत्रांच्या इतिहासावरूनही दिसतें. १९८१ सालीं अमेरिकेंत ऑस्बोर्न १ नांवाचा संगणक 'हातीं नेण्याजोगा' म्हणून विकला गेला. त्याचें वजन सुमारें पावणेअकरा किलो, पडदा पांच इंचांचा, आणि त्याला स्वतःची बॅटरीही नव्हती. किंमत १,७९५ डॉलर. पुढें २००८ सालीं स्टीव्ह जॉब्स ह्यांनीं एका कागदी लिफाफ्यांतून मॅकबुक एअर बाहेर काढून सभेस दाखविला, त्याची किंमत १,७९९ डॉलर आणि वजन १.३६ किलो. आंकडा जवळजवळ तोच, वजन आठवा हिस्सा ! परंतु त्यासाठीं तबकडीची खोबण गेली, आणि यूएसबीचें भोंक एकच उरलें.

आपल्या प्रांतांतही एक उदाहरण आहे. प्रत्येक मुलास एक लॅपटॉप द्यावा ह्या हेतूनें अमेरिकेंत तयार झालेलें एक्सओ नांवाचें यंत्र २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील खैरात येथील शाळेंत मुलांच्या हातीं आलें. त्याची शक्ति बेताची. पण वजन सुमारें दीड किलो, विजेची भूक अगदीं थोडी, आणि पडदा उन्हांतही वाचतां येण्याजोगा. त्या योजनेनें शिक्षणांत किती साधलें ह्याविषयीं मतभेद आहेत. तथापि यंत्र घडविणारांनीं आधीं मुलाकडे पाहिलें व मग यंत्राकडे, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

"पण शक्ति जास्त घेतली तर यंत्र अधिक वर्षें टिकेल," असें कोणी म्हणेल. हा युक्तिवाद दिसतो तितका बळकट नाहीं. विंडोज ११ ही प्रणालि २०२१ सालीं आली, तेव्हां मोजके अपवाद सोडून इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर तिनें नाकारले. २०१७ सालीं मोठी रक्कम मोजून आय-७ ७७००एचक्यू असलेलें बलदंड यंत्र घेणारा बाहेर राहिला, आणि पुढच्याच वर्षीं साधा आय-३ ८१३०यू घेणारा आंत गेला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, तेव्हां त्या बलाचा उपयोग झाला नाहीं. शिवाय बॅटरी वापरा वा न वापरा, वर्षागणिक क्षीण होतेच.

म्हणून भविष्याची तरतूद प्रोसेसरच्या नांवांत न करितां रॅमच्या खोबणींत करावी. आज आठ जीबी रॅमवर लेखन, वाचन, तक्ते, वर्ग ऐकणें आणि प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक धडे एवढें सर्व चालतें. मात्र रॅम वाढवितां येते कीं पटावर कायमची जडविलेली आहे हें अवश्य विचारावें. जडविलेली असेल तर सोळा जीबीच घ्यावी, व त्यासाठीं प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल. साठवणीस एसएसडीच हवी. बॅटरीचा विचार दुकानदार सांगेल त्या तासांवरून न करितां वॅट-अवरच्या आंकड्यावरून करावा. आणि नांवांच्या नवेपणावर भुलूं नये : रायझन ५ ७५२०यू ह्यांतील ७ हा आंकडा २०२३ सालची मालिका दाखवितो, परंतु तिसऱ्या स्थानींचा २ हा झेन २ ह्या रचनेचा आहे, आणि ती रचना २०१९ सालची. यंत्र वाईट नव्हे. किंमत मात्र त्या मानानेंच द्यावी.

चलच्चित्रांची जुळणी किंवा त्रिमिति आराखडे आजच करणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. त्यास शक्ति हवीच. पण असे विद्यार्थी एका वर्गांत दोन-तीनच निघतात. बाकीच्यांपैकीं कोण वकिलीकडे जाईल, कोण वाणिज्याकडे, हें त्यांचें त्यांसही ठाऊक नसतें.

मुलांस आणखी एक विनंति. चाळीस हजार ठरलेले असतांना दुकानांत साठ हजारांच्या यंत्रापुढें हट्ट धरून उभें राहूं नये. ते वरचे वीस हजार बहुधा मासिक हप्त्यांनीं येतात, आणि ते हप्ते कोणत्या खर्चांतून कापले जाणार हें घरून निघण्यापूर्वींच आईवडिलांस विचारून घ्यावें. दुकानांत जातांना आपलें रोजचें भरलेलें दप्तर बरोबर न्यावें. त्यांत निवडलेलें यंत्र व त्याचा चार्जर ठेवून, दुकानदाराच्या परवानगीनें, एक जिना चढून पाहावा. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावें.