थोडं पाझरतंय, चालतंय

२०२४च्या डिसेंबरात आम्ही जुन्या गोव्याला गेलो होतो. संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं प्रदर्शन दहा वर्षांतून एकदा होतं. आजीला पुढच्या वेळेची खात्री नव्हती, म्हणून ती, मम्मी, पप्पा आणि मी असे चौघं आमच्या अठरा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीतून निघालो. जाताना सगळं ठीक. बेळगावला परतताना केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो आणि एसीतून जळक्या तेलाचा वास यायला लागला. पप्पा म्हणाले, पुढच्या ट्रकचा असेल. तिसऱ्या-चौथ्या वळणावर बॉनेटच्या कडेने निळसर धूर दिसला. पुढे ट्रक नव्हताच.

पप्पा उतरून थेट बॉनेट उघडायला धावले. मागून आलेल्या एका भाजीच्या पिकअपवाल्याने लांबूनच ओरडून थांबवलं, "काका, उघडू नका! आधी चावी बंद करा, आजींना उतरवा." आत आग असेल तर बॉनेट उघडताच तिला हवा मिळते आणि भडका तोंडावर येतो, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आजीचे गुडघे असे, की मागच्या सीटवरून उतरायला तिला दोन माणसं आणि बराच वेळ लागतो. तेवढा वेळ मी अजून विसरलेले नाही.

आग लागली नव्हती. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं, तिथून ऑइल झिरपून खाली एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर पडत होतं. ही गळती नवी नव्हती. ऑक्टोबरच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीने ती दाखवली होती आणि म्हणाला होता, "थोडं पाझरतंय, चालतंय." पप्पाही म्हणाले, नाताळ होऊ दे, मग बघू.

माझं भांडण या 'पाझरतंय'शी आहे. पाझर दगडाला फुटतो, मायेला फुटतो. त्या शब्दात धोका ऐकूच येत नाही. गॅरेजातला दुसरा शब्द म्हणजे 'इंजिनला घाम येतो'. घाम काय, पुसला की संपला! पण सपाटीवर नुसता वास देणारं तेच ऑइल घाटात वेगळं वागतं. चौघांना दुसऱ्या गिअरवर वर ओढताना मॅनिफोल्ड चारशे-पाचशे अंशांच्या घरात सहज जातो, आणि ऑइलची वाफ साधारण दोनशेच्या पुढे पेटण्याजोगी होते. लोखंड पुरेसं तापलेलं असेल तर ठिणगीचीही गरज पडत नाही.

पेट्रोलचं तर याहून वाईट. त्याची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेटू शकते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने ते तयारच. बॅटरीचं सैल टर्मिनल किंवा हॉर्नसाठी टेप गुंडाळून जोडलेली वायर एवढं पुरतं. शिवाय पेट्रोल गळलं तर डागही राहत नाही, उडून जातं, फक्त वास. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत उंदीर शिरतात आणि रबरी पाइप कुरतडतात, हे आमच्या गल्लीत दोघांच्या गाड्यांत झालंय. कूलंटला लोक पाणीच समजतात. त्यातलं पाणी गरम लोखंडावर उडून जातं, मागे उरलेलं ग्लायकोल मात्र जळतं. ब्रेक ऑइलही जळतं, आणि ते कमी झालं तर घाटात आगीची वाट बघायचीही गरज नाही.

हे तपासायचं कोणी? पीयूसीवाला धुराच्या नळीत यंत्र घालतो, बॉनेट उघडत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तेवढी वर्षं फिटनेससाठी तिला कुठे न्यावं लागत नाही. इन्शुरन्स वेळेत भरला तर मोबाइलवरच रिन्यू होतो. म्हणजे पंधरा वर्षं सगळा भरवसा मालकाच्या नाकावर आणि मिस्त्रीच्या 'चालतंय'वर. मला वाटतं, पीयूसीच्या वेळीच पाच मिनिटं गळती बघणं सक्तीचं करायला हवं. यावर माझा एक वर्गमित्र म्हणतो, आणखी एक सर्टिफिकेट, आणखी शंभर रुपये. त्याचं अगदीच चुकत नाही. जुनी गाडी हौसेने कोणी ठेवत नाही, आणि एक पाइप बदलायला गेलं की मिस्त्री आणखी चार दाखवतो. पण आमचं पॅकिंग बदलायला मजुरीसकट साडेनऊशे रुपये लागले. घाटातून गाडी ओढून आणायला त्याच्या चौपट गेले होते.

आता रात्री गाडी लावली की पप्पा खाली जुना पुठ्ठा सरकवतात. सकाळी काळा-तपकिरी डाग म्हणजे ऑइल, हिरवा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट, चाकापाशी पिवळसर म्हणजे ब्रेक. नुसतं पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नाही. पुठ्ठा कोरडा असून पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करायचीच नाही. डॅशबोर्डवर जपमाळ पहिल्यापासून आहे, आता ड्रायव्हरच्या सीटखाली किलोभर पावडरचं अग्निशामकही आहे. आजीला त्याचा लाल रंग आवडत नाही.

मंडळाची सहल पुढच्या महिन्यात आहे. भाडं कमी म्हणून जी जुनी ट्रॅव्हलर ठरवलीय, तिच्याखाली आदल्या संध्याकाळी वाकून बघायला मी जाणार आहे. टॉर्च माझ्याकडे आहे, पुठ्ठा कोणीतरी आणा.