कोंबडीच्या पाण्यातलं औषध

मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर मी आधी चक्क नाही म्हणाले होते. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचं शुद्धलेखन सगळ्यांना माहीत आहे! पण हा विषय घरातच घडला, त्यामुळे इंग्रजीत सुचेना.

मागच्या वर्षी आजोबांना मिरजेत अ‍ॅडमिट केलं होतं. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून लोक बरं व्हायला मिरजेला येतात. लघवीचं इन्फेक्शन, त्यात काय एवढं, असं आम्हाला वाटलं. कल्चरचा रिपोर्ट आला तर एकेका अँटिबायोटिकपुढे ‘रेझिस्टंट’, ‘रेझिस्टंट’. शेवटी डॉक्टरांनी कोलिस्टिन सुरू केलं. किडनीला त्रास होतो म्हणून हे जुनं औषध मागे पडलं होतं. बाकीची चालेनाशी झाली म्हणून परत काढलंय. आजोबा वाचले. पण चिठ्ठीवरचं नाव वाचून मामा म्हणाला, “अगं, ही पावडर आम्ही कोंबड्यांना पाण्यातनं देत हुतो की!”

मी हादरलेच. मग वाचायला लागले.

२०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जाहीर केलं, की फार्मवरच्या डुकरांत कोलिस्टिनला दाद न देणारा एक जीन सापडलाय. तिथे वजन वाढावं म्हणून डुकरांना खाद्यातून हे औषध देत. रोजच्या थोड्याशा डोसने सगळे जंतू मरत नाहीत. चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. वर हा जीन एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो, हॉस्टेलमधल्या असाइनमेंटसारखा. एकीने केली की रात्रीत सगळ्या मजल्याकडे!

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे डुकरं कोण खातंय? बरोबर. आपल्याकडे त्या जागी ब्रॉयलर आहे. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या, मासे, दुभती जनावरं अशा सगळ्यांसाठी कोलिस्टिन बंद केलं. छान झालं. पण ते एकच औषध झालं. युरोपने २००६ मध्येच वजनवाढीसाठीची सगळी अँटिबायोटिक्स थांबवली, आणि २०२२ पासून निरोगी जनावरांना रूटीन म्हणून देणंही. मला वाटतं आपल्यालाही तिथवर जावं लागेल.

मामाला दोष देणं मात्र पटत नाही. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधंही तिचीच. मामाचं शेड, लाइटबिल आणि राबणं. पैसे किलोमागे. पिशवीत काय असतं विचारलं तर म्हणतो, “कुणाला ठावं? येतीय, वततोय.” वजन भरलं नाही तर मार तोच खातो.

शिजवल्यावर जंतू मरतात ना? मरतात. पण कच्चं चिकन धुणाऱ्या मावशींचे हात, तोच सुरा, तीच काकडी? आणि शेडमधलं खत उसाला जातं, तिथे कोण शिजवतंय?

आपणही काही साधे नाही म्हणा. घसा धरला की रूममेटच्या पाकिटातली उरलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन! असो.

मेस कमिटीच्या पुढच्या मीटिंगला मी एकच मुद्दा मांडणार आहे: रविवारचं चिकन देणाऱ्याने या पक्ष्यांना कोणती अँटिबायोटिक्स दिली आणि कशासाठी, ते लिहून द्यावं. सहा जणींनी सह्या केल्यात. तीन तर शुद्ध शाकाहारी आहेत.