उद्याची काळजी, आजची विहीर

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की अनेकांच्या डोळ्यांपुढे उद्याचा दिवस उभा राहतो. मुलाला नोकरी लागेल का? मुलीचे लग्न कसे पार पडेल? डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीत काय निघेल? ‘देवावर भार टाका’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण भार टाकायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न उरतोच. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात त्याचे उत्तर सापडते.

भविष्याची धास्ती वाटावी, असे त्यांनी पुष्कळ भोगले होते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी ऐन तारुण्यात दुष्काळाचे दिवस पाहिले. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याथोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, तेव्हा रमाबाईंना चोविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते आणि कडेवर लहानगी मनोरमा होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. पुढे ते पुण्यास आणले.

या सदनामागे अमेरिकेतील हितचिंतकांची आर्थिक हमी होती, पण ती दहा वर्षांचीच. १८९८ मध्ये तिची मुदत संपायची होती. नेमका त्याच सुमारास, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. अशा वेळी व्यवहारी माणूस हात आखडता घेईल. रमाबाई मात्र दुष्काळी मुलखात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना आधार दिला. पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलीही आल्या आणि तिथे जेवणाऱ्यांची संख्या हजारावर गेली.

हे बळ आले कुठून? इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी जॉर्ज म्युलर यांनी १८३६ पासून अनाथ मुलांचा सांभाळ केला होता. ते कुणाकडे पैसे मागत नसत. गरज पडली की देवाजवळ मागत. त्यांचा वृत्तान्त रमाबाईंच्या वाचनात आला. देवावर तिकडे विसंबता येते, तर हिंदुस्थानात का येऊ नये, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. ‘मुक्ती’ हे त्या प्रश्नाचे उत्तर होते.

पण प्रार्थना केली आणि हात जोडून बसल्या, असे झाले नाही. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, शेती केली, फळझाडे लावली. मुलींना विणकाम शिकविले, छापखान्यात खिळे जुळवायला शिकविले. म्युलरही आल्या-गेल्या पैशाचा हिशेब दरवर्षी छापून प्रसिद्ध करीत. श्रद्धा म्हणजे बेहिशेबीपणा नव्हे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरीचे मागणे आहे, ते आजच्या भाकरीचे. वर्षभराच्या कोठाराचे नाही. आजचे काम मनापासून करावे आणि उद्याचे देवाच्या हाती सोपवावे, असाच त्याचा अर्थ.

मग विश्वास ठेवला की मनासारखेच घडते का? नाही. आईच्या खांद्याला खांदा लावून राबणारी मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधीच गेली. म्हातारपणाचा आधार आणि कार्याची पुढची आशा, दोन्ही एकाच वेळी हिरावली गेली. रमाबाई तेव्हा मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. कन्येच्या दुःखातही त्यांनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२४ मध्ये. तो पाहायला त्या नव्हत्या. ‘मुक्ती’चे दार मात्र बंद झाले नाही.

गेथशेमाने बागेत येशूनेही आपल्यावरचे संकट टळावे म्हणून प्रार्थना केली होती, पण शेवटचा शब्द पित्याच्या इच्छेवर सोपविला. ख्रिस्ती प्रार्थनेचे मर्म हेच आहे. देवाकडून भविष्याची हमी लिहून घेण्यासाठी ती नसते. हमी नसतानाही पाऊल उचलण्याचे बळ मिळावे, म्हणून ती असते.

आज रात्री चिंता उशाशी येऊन बसली, तर तिला दोन प्रश्न विचारून पाहावेत. यातले उद्या सकाळी माझ्या हातून होण्याजोगे काय आहे? आणि माझ्या हाती नसलेले काय आहे? पहिले मनाशी पक्के करावे, दुसरे देवापाशी ठेवावे आणि निजावे. सकाळी उठल्यावर विहीर आपल्यालाच खणायची आहे. तिला पाणी लागणे त्याच्या हाती आहे.